ग्राहकाचे गाऱ्हाणे आणि संगणकाचा कारखानदार

खरेदीच्या वेळी ग्राहकाला जो मान मिळतो, तो खरेदीनंतर टिकतोच असे नाही. वस्तू घेण्यासाठी तो दुकानात पाऊल टाकतो तेव्हा त्याला बसावयास खुर्ची मिळते, त्याच्या शंकांचे अगत्याने निरसन होते आणि नको म्हटले तरी चहा पुढे येतो. तीच वस्तू बिघडली म्हणून तो परत येतो, तेव्हा त्याचे नाव मागे पडते आणि त्याच्या हाती तक्रारीचा एक क्रमांक येतो. हा अनुभव पंखा घेणाऱ्याला येतो, तसा मोटार घेणाऱ्यालाही येतो. परंतु संगणक घेणाऱ्याच्या वाट्याला तो ज्या तीव्रतेने येतो, तिचे कारण त्या यंत्राच्या स्वरूपातच आहे.

घागर गळू लागली, तर ती गळते आहे हे पाणीच सांगते. कोटाची शिवण उसवली, तर ती उसवली आहे हे शिंप्याला पटवून द्यावे लागत नाही. संगणकाचा दोष असा उघड्यावर येत नाही. घरी दिवसातून चार वेळा बंद पडणारे यंत्र दुरुस्ती-केंद्रात नेले की नेमके सुरळीत चालू लागते, आणि मालकच खोटा ठरतो. शिवाय एका डब्यात अनेकांची निर्मिती एकत्र नांदत असते. प्रोसेसर एकाचा, मेमरी दुसऱ्याची, आज्ञावली तिसऱ्याची आणि डब्यावर कोरलेले नाव चौथ्याचे. दोष कोणाचा, हा प्रश्न निघाला की यांतील प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवितो, आणि ज्याने सर्वांचे पैसे चुकते केले त्या ग्राहकाची मात्र टोलवाटोलवी सुरू होते.

अशा प्रत्येक गाऱ्हाण्यात वस्तुतः दोन प्रश्न गुंतलेले असतात. वस्तूत दोष आहे काय, हा पहिला. आणि असल्यास तो दोष ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तंत्रज्ञाने द्यावे, यात वाद नाही. दुसऱ्याचे उत्तर देण्याचा अधिकार ज्याने वस्तू घेतली त्याचा आहे. कारखानदार जेव्हा हा दुसरा प्रश्नही स्वतःच सोडवून मोकळा होतो, तेव्हा ग्राहकाच्या असंतोषाला खरा प्रारंभ होतो. १९९४ साली अमेरिकेत इंटेल या कंपनीच्या पेंटियम प्रोसेसरवरून जे प्रकरण उद्भवले, त्यात ही गोष्ट फार स्पष्टपणे दिसून आली.

व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग महाविद्यालयात टॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. मूळ संख्यांच्या काही जोड्या अशा असतात, की त्यांतील दोन संख्यांत केवळ दोनचे अंतर असते; उदाहरणार्थ ११ व १३, किंवा १७ व १९. अशा सर्व जुळ्या संख्यांचे व्यस्तांक घेऊन त्यांची बेरीज करीत गेले, तर ती एका मर्यादेपलीकडे जात नाही, हे नॉर्वेचे गणिती व्हिगो ब्रून यांनी १९१९ मध्ये सिद्ध केले होते. ती मर्यादा अधिकाधिक सूक्ष्मपणे काढण्याच्या उद्योगात प्राध्यापक नाइसली होते, आणि त्यासाठी त्यांनी अनेक संगणक कामास लावले होते. १९९४ मध्ये त्यांत एका पेंटियम यंत्राची भर पडली. जून महिन्यात त्यांच्या ध्यानात आले, की काही उत्तरे जमत नाहीत.

त्यांनी प्रथम स्वतःवर संशय घेतला. आपण लिहिलेली आज्ञावली चुकली असेल, तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन चुकले असेल, यंत्रातील अन्य एखादा भाग सदोष असेल, अशा एकेक शक्यतेची त्यांनी चाचणी घेतली व ती निकालात काढली. यात चार महिने गेले. १९ ऑक्टोबर १९९४ रोजी त्यांची खात्री झाली, की दोष प्रोसेसरच्याच ठायी आहे. जुन्या पिढीच्या प्रोसेसरवर जो भागाकार बरोबर येत होता, तोच नव्या व महाग प्रोसेसरवर चुकत होता. २४ ऑक्टोबरला त्यांनी कंपनीच्या तांत्रिक साहाय्य-कक्षाला दूरध्वनी केला. रीतीप्रमाणे त्यांना तक्रारीचा क्रमांक मिळाला. काही दिवसांनी उत्तर आले ते असे, की कंपनीतील एका यंत्रावरही हा दोष दिसला. परंतु त्याविषयी अधिक माहिती नाही, आणि असा दोष पूर्वी कोणी कळविलेला किंवा कोणाच्या पाहण्यात आलेला नाही.

पुढे कंपनीनेच मान्य केले, की हा दोष तिच्या तंत्रज्ञांना त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सापडला होता. साहाय्य-कक्षातील व्यक्ती असत्य बोलली, असा याचा अर्थ लावण्याचे कारण नाही. तंत्रज्ञांना जे ठाऊक होते ते तिच्या मेजापर्यंत पोहोचलेच नव्हते, हाच संभव अधिक. ज्ञान एका दालनात आणि उत्तर देण्याची जबाबदारी दुसऱ्या दालनात, अशी ही व्यवस्था होती. कोणत्याही मोठ्या कार्यालयाशी ज्याचा संबंध आला आहे, त्याला ती अपरिचित वाटणार नाही.

३० ऑक्टोबरला प्राध्यापक नाइसली यांनी आपले निष्कर्ष परिचयातील काही अभ्यासकांना पत्राने कळविले व ते पडताळून पाहण्याची विनंती केली. पत्र हातोहात पसरले. नोव्हेंबर संपण्यापूर्वी ही वार्ता व्यावसायिक नियतकालिकांतून दूरचित्रवाणीवर व तेथून दैनिकांत गेली. ज्याच्या घरी पेंटियम यंत्र असेल त्याला करून पाहता येईल, असे एक साधे उदाहरणही लोकांच्या हाती आले. ४१,९५,८३५ या संख्येला ३१,४५,७२७ ने भागले असता उत्तर १.३३३८२० यावयास हवे. सदोष प्रोसेसर ते १.३३३७३९ असे देत असे. म्हणजे दशांशचिन्हानंतरचा चौथा अंकच चुकीचा होता.

या चुकीचे कारण समजण्यास कठीण नाही. मोठा भागाकार मांडणारा शाळकरी मुलगा प्रत्येक पायरीवर ‘भाग किती जाईल’ हे पाठ असलेल्या पाढ्यांवरून ठरवितो. पेंटियममध्येही हा निर्णय एका तयार कोष्टकावरून होत असे. त्या कोष्टकातील १,०६६ घरांत आकडे भरावयाचे होते. कंपनीच्या खुलाशाप्रमाणे त्यांतील पाच घरे भरावयाची राहून गेली. गणित त्या घरापाशी आले तरच उत्तर चुके, एरवी सारे ठीक. एकतीस लाख ट्रान्झिस्टर एका नखाएवढ्या जागेत बसविणाऱ्या कारागिरीत पाच घरे सुटावीत, ही मानवी चूक होती. अशा चुकीबद्दल कोणी एवढा गहजब केला नसता. गहजब झाला तो पुढील वर्तनामुळे.

कंपनीने चूक मान्य केली. पण ती क्षुल्लक ठरविली. स्वैर निवडलेल्या संख्यांच्या नऊ अब्ज भागाकारांत एखादा चुकेल आणि सामान्य मनुष्यास ही चूक सत्तावीस हजार वर्षांत एकदा आढळेल, असा हिशेब तिने मांडला. त्या हिशेबाच्या आधारे तिने असे ठरविले, की ज्याला सूक्ष्म गणित खरोखरीच करावे लागते त्यालाच प्रोसेसर बदलून मिळेल. दूरध्वनी करणाऱ्यास तो कोणते काम करतो हे विचारले जाई आणि त्याची गरज खरी की कल्पित, याचा निर्णय पलीकडची व्यक्ती देई. पूर्ण किंमत मोजलेल्या माणसाला आपल्याच वस्तूसाठी जणू पात्रतेची परीक्षा द्यावी लागली. येथेच घोडे पेंड खाऊ लागले.

सत्तावीस हजार वर्षांचा आकडा सर्वांनाच पटला असे नाही. १२ डिसेंबर १९९४ रोजी आयबीएम कंपनीने पेंटियम बसविलेल्या आपल्या संगणकांची रवानगी थांबविली आणि स्वतःचा हिशेब पुढे केला. नेहमी आकडेमोड करणाऱ्याच्या बाबतीत अशी चूक चोवीस दिवसांत एकदा घडू शकेल, असे तिचे म्हणणे होते. आयबीएम स्वतः एका प्रतिस्पर्धी प्रोसेसरच्या निर्मितीत भागीदार असल्यामुळे तिच्या आकड्याकडेही काहींनी संशयाने पाहिले. सत्तावीस हजार वर्षे आणि चोवीस दिवस! दोन्ही आकडे जाणत्यांनीच काढले होते. मनुष्य दिवसातून किती भागाकार करतो आणि कोणत्या प्रकारच्या संख्या घेतो, याविषयी दोघांची गृहीते निरनिराळी होती, म्हणून उत्तरे निरनिराळी आली. ती गृहीते ज्याच्या कामाविषयी बांधली होती त्या ग्राहकाला मात्र कोणीच विचारले नव्हते. एखाद्या हिशेबनिसाला आपल्या यंत्राचा भागाकार कधीतरी, कोणत्या दिवशी ते न सांगता, चुकणार आहे एवढे कळणे पुरेसे होते. ती चूक किती वर्षांनी येईल याच्या सरासरीने त्याचे समाधान होणे शक्य नव्हते.

अखेर २० डिसेंबर १९९४ रोजी कंपनीने जाहीर क्षमा मागितली आणि जो मागेल त्याला, कोणताही प्रश्न न विचारता, प्रोसेसर बदलून देण्याचे मान्य केले. जानेवारी १९९५ मध्ये तिने या प्रकरणापोटी ४७ कोटी ५० लाख डॉलरचा भार आपल्या हिशेबात दाखविला. पाच रिकाम्या घरांची ही किंमत, असे वरवर पाहता वाटेल. प्रत्यक्षात तिचा मोठा वाटा ग्राहकाची तक्रार तोलण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवण्याच्या हट्टाचा होता.

एवढी कुशल कंपनी या साध्या गोष्टीत कशी चुकली, याचे उत्तर उद्बोधक आहे. इंटेलचे खरे गिऱ्हाईक म्हणजे संगणक जुळविणाऱ्या कंपन्या. त्यांच्या तंत्रज्ञांशी चर्चा करून दोष निस्तरण्याची तिला सवय होती. घरी बसून यंत्र वापरणाऱ्याशी तिचा थेट संबंध येत नसे. परंतु १९९१ पासून तिने आपले नाव संगणकाच्या डब्यावर झळकविण्याची मोठी मोहीम चालविली होती. त्यामुळे लोकांना ते नाव आपल्या वस्तूचे वाटू लागले आणि अडचण येताच त्यांनी त्याच नावाचे दार ठोठावले. त्या वेळचे प्रमुख अँड्रू ग्रोव्ह यांनी पुढे आपल्या ग्रंथात या बदलाची मोकळेपणाने चर्चा केली आहे. जाहिरातीने नाते जोडले होते. त्या नात्याची जबाबदारी उचलण्याची तयारी मात्र झालेली नव्हती.

हे प्रकरण मोठे होते म्हणून गाजले. रोजच्या लहान प्रकरणांना अशी प्रसिद्धी लाभत नाही. तेथे सारा भार साहाय्य-कक्षावर पडतो. त्या कक्षाची रचना समजून घेतली, तर ग्राहकाचा पुष्कळसा त्रागा कोठून येतो हे कळते. दूरध्वनी प्रथम ज्याच्याकडे जातो, त्याच्यासमोर प्रश्नांची एक ठरलेली यादी असते. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा, तार काढून पुन्हा लावा, अशा पायऱ्या त्याला क्रमाने पार पाडाव्या लागतात. बहुतेक तक्रारी खरोखरीच या पायऱ्यांनी सुटतात, हे मान्य केले पाहिजे. ज्याची तक्रार सुटत नाही तो वरच्या पायरीवर पाठविला जातो आणि तेथे पुष्कळदा त्याला आपली कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. एका संभाषणास किती मिनिटे लागली, याची कसोशीने मोजदाद होते. ग्राहकाचे काम झाले की नाही, हे मोजणे त्या मानाने अवघड असल्याने ते मागे पडते. या कक्षाचा खर्च वस्तूची किंमत वसूल झाल्यानंतर सुरू होतो, म्हणून तो हिशेबात डोळ्यांत खुपतो आणि काटकसरीची कुऱ्हाड प्रथम त्यावरच पडते.

या खर्चाला कात्री लावण्यासाठीच विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील अनेक कंपन्यांनी हे काम भारताकडे वळविले. बंगळूर, गुरुग्राम, पुणे या नगरांत रात्रपाळीस बसून परदेशातील त्रस्त ग्राहकांची बोलणी ऐकणारे तरुण-तरुणी आपल्याच घरांतले होते व आहेत. नोव्हेंबर २००३ मध्ये डेल या संगणक-कंपनीने आपल्या काही व्यावसायिक ग्राहकांचे दूरध्वनी बंगळूरकडे पाठविण्याचे थांबविले. उच्चार कळत नाहीत आणि उत्तरे साचेबंद मिळतात, अशी त्या ग्राहकांची तक्रार होती. उच्चारांचे काहीही असो, साचा त्या तरुणांनी घडविलेला नव्हता. वस्तू बदलून देण्याचा अधिकार ज्याला नाही आणि यादीबाहेर जाण्याची मुभा ज्याला नाही, तो कितीही सौजन्यशील असला तरी गोड शब्दांत नकार देण्यापलीकडे काय करू शकणार? ग्राहकाने आपला राग त्याच्यावर काढणे म्हणजे कायदा न आवडल्याबद्दल टपालवाल्याला दोष देण्यासारखे आहे.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असंतुष्ट ग्राहकापुढील दोन मार्ग सांगितले आहेत. एक म्हणजे दुकान सोडून जाणे, आणि दुसरा म्हणजे आवाज उठविणे. भाजी वाईट निघाली, तर मनुष्य दुसऱ्या दिवशी शेजारच्या गाळ्यावर जातो. संगणकाच्या बाबतीत पहिला मार्ग महाग पडतो. रक्कम मोठी, हमीचा काळ बांधलेला, आणि लेखापासून छायाचित्रांपर्यंत सारा संसार त्या यंत्रात मांडलेला. म्हणून आवाज उठविणे एवढेच त्याच्या हाती राहते. आणि नेमका तोच आवाज वरपर्यंत पोहोचू नये, अशी साहाय्य-कक्षाची रचना नकळत होऊन बसते.

हा आवाज ऐकला जावा म्हणून आपल्या देशात कायद्याने केलेली सोय पुष्कळांना पूर्णपणे ठाऊक नसते. महाराष्ट्रात ही जाणीव कायद्याच्याही आधी रुजू लागली होती. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू झाले आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. १९८६ मध्ये संसदेने ग्राहक संरक्षण अधिनियम केला. त्याची जागा घेणारा २०१९ चा अधिनियम जुलै २०२० पासून अमलात आला.

नव्या अधिनियमातील काही तरतुदी संगणकाच्या गिऱ्हाइकास विशेष उपयोगी आहेत. सदोष माल आणि सेवेतील उणीव या दोन्हींविरुद्ध तक्रार करता येते; म्हणजे यंत्र बिघडणे जसे दादीस पात्र आहे, तसेच हमीच्या काळात दुरुस्तीसाठी हेलपाटे घालावयास लावणेही आहे. तक्रार कंपनीच्या शहरात जाऊन नोंदविण्याची गरज नाही. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे ती देता येते. इंदूरच्या किंवा हैदराबादच्या मराठी कुटुंबाला त्यासाठी मुंबई वा बंगळूर गाठावे लागत नाही. वस्तूसाठी दिलेली किंमत पन्नास लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालते, आणि ती पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीस शुल्क नाही. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत केली पाहिजे. केवळ व्यापारी हेतूने घेतलेल्या यंत्राला या अधिनियमाचा लाभ नाही. स्वतःच्या उपजीविकेपुरता स्वयंरोजगार करणाऱ्यास तो आहे.

दोष सिद्ध कसा करावयाचा, हा जो मूळ प्रश्न, त्याचीही दखल कायद्याने घेतली आहे. चाचणी केल्यावाचून दोष ठरविता येत नसेल, तर आयोग वस्तू योग्य त्या प्रयोगशाळेकडे पाठवून अहवाल मागवितो. त्याचे शुल्क प्रथम तक्रारदाराने भरावयाचे असते हे खरे. परंतु दोष आहे की नाही हे विक्रेत्याच्या तोंडून ऐकण्याऐवजी तिसऱ्याच्या लेखणीतून येते, हा लाभ लहान नाही. असे प्रकरण पाच महिन्यांत आणि चाचणीची गरज नसलेले तीन महिन्यांत निकालात निघावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात पुष्कळ प्रकरणे याहून बरीच रेंगाळतात. म्हणूनच आयोगाची पायरी चढण्यापूर्वी १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य-सेवेकडे गाऱ्हाणे मांडून पाहणे शहाणपणाचे ठरते. तिच्या मध्यस्थीने काही प्रकरणे आपसांत मिटतात.

या सर्व मार्गांवर एक शिदोरी बरोबर लागते, ती म्हणजे नोंदींची. ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही, हा कार्यालयांचा अलिखित नियम कंपन्यांनाही लागू आहे. खरेदीची पावती, हमीपत्र, प्रत्येक तक्रारीचा क्रमांक व दिनांक, कोण काय बोलले याचे टिपण, यंत्र केंद्रात दिले तेव्हाची पोच, एवढे कागद एका जागी ठेवण्यास फारसे कष्ट पडत नाहीत. तोंडी आश्वासन मिळाले, तर त्याच दिवशी ते कंपनीला लेखी कळवून ठेवावे. प्राध्यापक नाइसली यांच्यापाशी अधिकार नव्हता. सत्ता किंवा संपत्ती, यांपैकी कशाचेही बळ नव्हते. त्यांच्यापाशी होता तो चार महिन्यांच्या चाचण्यांचा व्यवस्थित लेख, कोणालाही ताडून पाहता येईल असा. एका महाकाय कंपनीला जे उत्तर साहाय्य-कक्षाच्या दूरध्वनीवर देण्याची गरज वाटली नव्हती, ते त्या लेखापुढे द्यावे लागले.

तथापि प्रत्येक ग्राहकाने गणिताच्या प्राध्यापकाइतके चिकाटीचे असावे, अशी अपेक्षा करणे न्यायाचे नाही. पेन्शनीच्या रकमेतून नातवासाठी संगणक घेणाऱ्या वृद्धाला, किंवा शिकवणीच्या मिळकतीवर हप्ते फेडणाऱ्या विद्यार्थिनीला चार महिन्यांची सवड नसते आणि प्रयोगशाळाही नसते. ‘यंत्र चालत नाही’ एवढे एकच वाक्य त्यांना सांगता येते. ते वाक्य खरे मानून चौकशीला आरंभ करणे आणि दोष आढळल्यास तो लहान की मोठा हे ठरविण्याचे काम त्यांच्यावर सोपविणे, एवढे कारखानदाराने केले तरी निम्म्या तक्रारींतील कडवटपणा नाहीसा होईल. इंटेलला हा धडा डिसेंबर १९९४ मध्ये मिळाला आणि त्यासाठी तिला मोठी किंमत मोजावी लागली. इतर उत्पादकांना तो फुकट उपलब्ध आहे.